घर तिचे, पक्कड त्याची?

बाईला गृहिणी म्हणायचे, गृहलक्ष्मी म्हणायचे, घराला घरपण तिच्यामुळे येते असे सांगायचे. आणि त्याच घराच्या दाराची बिजागरी निखळली की तिने पुरुषमाणसाची वाट बघत बसायचे! नळ गळतो आहे, कडी लागत नाही, खिडकीची चौकट पावसात कुजते आहे, हे सगळे आधी तिलाच दिसते. पण पक्कड, हातोडी, पेचकस हे सामान ‘त्याचे’.

ही श्रमविभागणी निसर्गाने केलेली नाही. मातीच्या घरांची डागडुजी पिढ्यान् पिढ्या बायकांनीच केली. भिंती लिंपल्या, जमिनी चोपल्या, सारवल्या, चुन्याचा हात दिला. तेव्हा ते ‘बायकी काम’ होते. त्याला कुणी कसब म्हटले नाही, मजुरी तर दूरच. घर सिमेंटचे झाले, रंग डब्यातून येऊ लागला, कामाला पैसा मिळू लागला, तसे ते पुरुषाचे झाले. बांधकामावर आजही बाई घमेले वाहते आणि गवंडी बहुधा पुरुष असतो. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. पण बाईच्या हाती थापी दिलीच नाही, तर काम ‘समान’ ठरणार कसे?

काहीजणी म्हणतील, हुंडा, मारहाण, पाणी, रेशन एवढे प्रश्न असताना बिजागरीचे काय घेऊन बसलात? मी सल्ला केंद्रात काम करते, म्हणून घेऊन बसले आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, मग ते घर तिच्या नावावर असो वा नसो. त्याच वर्षी हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. महाराष्ट्राने तर ही दुरुस्ती १९९४ सालीच केली होती. हक्क कागदावर आला. पण आमच्याकडे येणाऱ्या एका बाईच्या हातात कोर्टाचा आदेश होता आणि दाराला कडी नव्हती. नवऱ्याने लाथ मारून कोयंडा उखडला होता. सुतार ‘उद्या येतो’ म्हणत होता. दिराला सांगावे, तर दीर रोज घरात येणार. चार रात्री ती दाराला पाटा लावून जागी राहिली. चार स्क्रू आणि एक कोयंडा, एवढेच काम होते! परित्यक्ता आणि विधवा बायांना विचारा, दुरुस्तीसाठी पुरुषाचे उपकार घेतले की त्याची किंमत कशी वसूल होते.

म्हणून आता थोडे कामाचे बोलू. जुने स्क्रू ढिले झाले असतील, तर भोकात फेव्हिकॉल लावून लाकडाची बारीक काडी ठोका, वाळू द्या आणि मग स्क्रू पिळा. किंवा आधीच्यापेक्षा लांब स्क्रू वापरा. नळ टपकत असेल तर वरचा कॉक बंद करून आतला वॉशर बदला.

बाहेरच्या दारा-खिडक्यांचा रंग पावसाळ्याच्या तोंडावर काढू नका; ओल्या लाकडावर रंग धरत नाही, फुगून सुटतो. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचे कोरडे दिवस चांगले. भर उन्हातही रंगवू नये, वरचा थर आधी वाळून सुरकुततो. सुटलेला रंग पत्रीने खरवडा, लाकडाच्या रेषेच्या दिशेने पॉलिशपेपर मारा. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगातील शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून, तुमच्या दारावरचे थर त्याआधीचे असतील. म्हणून पाणी मारून ओले घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, लहान मुले आणि गरोदर बाई यांना लांब ठेवा, भुकटी ओल्या फडक्याने टिपून घ्या. लाकूड पुन्हा पुरते वाळले की प्रायमर, मग भेगांत लांबी, पुन्हा पॉलिशपेपर, लांबीवर परत प्रायमर आणि त्यावर ऑइलपेंटचे दोन पातळ हात. प्रत्येक हातानंतर एक दिवस जाऊ द्या. दाराची खालची आणि वरची कड विसरू नका. दिसत नाही म्हणून रंगारी ती सोडतो, पण लाकडाच्या तोडलेल्या तोंडातूनच पाणी सर्वात जास्त शिरते आणि दार खालून कुजते. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

यात दाढीमिशांची गरज कुठे लागली?

चळवळीतूनच एक आक्षेप येतो: चूल-मूल आणि नोकरी असे दुहेरी ओझे आहेच, त्यात हे तिसरे कशाला? आक्षेप खरा आहे. म्हणूनच मी म्हणते, बाईने पक्कड घेतली त्या दिवशी घरातल्या पुरुषाने पोळपाट घ्यावा. ओझे वाढवायचे नाही, वाटणी मोडायची आहे. दुसरा आक्षेप कारागिरांच्या पोटाचा. विजेची जोडणी, उंचावरचे काम यांसाठी जाणकारालाच बोलवावे आणि पुरी मजुरी द्यावी. पण काम काय आहे हे कळणाऱ्या बाईला कुणी ‘ताई, पूर्ण चौकटच बदलावी लागेल’ असे सांगून फसवू शकत नाही.

हे स्वप्नरंजन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणात महिला मंडळांच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उतरल्या. घर भूकंपात टिकावे कसे, हे शिकल्या आणि गावाला समजावले. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्येतून खेड्यातल्या निरक्षर बाया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. तिथे कुणी ‘बायकांना जमेल का’ विचारत थांबले नाही, कारण पंप बंद पडला की पाण्यासाठी वणवण बाईचीच होती.

आणि आपण? ‘महिला प्रशिक्षण’ म्हटले की शिवण, पापड, मेंदी आणि पार्लर यापलीकडे आपल्याच गटांची कल्पना जात नाही. सरकारकडे बोट दाखवण्याआधी हे बदलू. प्रत्येक गटाकडे एक सामायिक हत्यारपेटी असावी: हातोडी, पक्कड, पाना, पेचकस, कानस, पत्री, हाताने फिरवायचा ड्रिल. ज्या बाईला जे येते ते तिने दहाजणींना शिकवावे. जिला राहण्याचा आदेश मिळतो, तिच्या घरी गटाने पहिल्याच दिवशी जाऊन कडी-कोयंडा बसवावा.

कोर्टाने दिलेला हक्क दाराशी येऊन थांबतो. दाराला आतून कडी लावणे हे आपले काम आहे, आणि ते आपल्याला आले पाहिजे.