स्वभावाचा मनू गेला, हार्मोनचा मनू आला



मागच्या महिन्यात अंबरनाथमधल्या एका विहारात रविवारच्या अभ्यासवर्गाला गेले होते. विषय होता हिंदू कोड बिल. चर्चा चांगली रंगली होती. तेवढ्यात एका तरुण कार्यकर्त्याने मोबाईल पुढे केला. व्हिडिओत सूटबूट घातलेला एक माणूस सांगत होता की पुरुषाच्या मेंदूवर टेस्टोस्टेरॉनचा अंमल असतो म्हणून तो निर्णय घेतो, बाईच्या मेंदूवर इस्ट्रोजेनचा अंमल असतो म्हणून ती भावनेच्या भरात वाहते. निसर्गानेच कामं वाटून दिलीत, तर त्यात अन्याय कसला?

व्हिडिओ संपल्यावर तो म्हणाला, "ताई, समता मला मान्यच आहे. पण विज्ञान तर नाकारता येत नाही ना?"

हा पोरगा दर 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर असतो. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन पुढे असतो. त्याला मूर्ख ठरवून मी मोकळी होऊ शकत नाही. आणि त्याचं एक वाक्य शंभर टक्के बरोबर आहे: विज्ञान नाकारता येत नाही. म्हणून आधी विज्ञानच बघू.

विज्ञान काय सांगतं

हार्मोन, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं संप्रेरक, रक्तातून मेंदूपर्यंत पोचतं आणि तिथे काम करतं. अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन मेंदूत शिरतं. मेंदूच्या ज्या भागात आठवणी घडतात तो हिप्पोकॅम्पस, झोप-भूक-तापमान सांभाळणारा हायपोथॅलॅमस, भीतीची जाणीव देणारा अमिग्डाला, या सगळ्या ठिकाणी इस्ट्रोजेनला दाद देणाऱ्या पेशी आहेत. सेरोटोनिन आणि डोपामिन या मन स्थिर ठेवणाऱ्या, उमेद देणाऱ्या रसायनांवरही त्याचा परिणाम होतो. 1990 साली अमेरिकेत कॅथरीन वूली आणि ब्रूस मॅकइवन यांच्या गटाने उंदराच्या मादीवर काम करून दाखवलं की तिच्या चार-पाच दिवसांच्या चक्रात हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींवरचे सूक्ष्म काटे, जिथे एक पेशी दुसरीशी जोडली जाते, ते वाढतात आणि कमी होतात. म्हणजे हार्मोनमुळे मेंदूचं नुसतं रसायनच नाही, रचनाही बदलते.

प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात एक पदार्थ बनतो जो मेंदूला शांत करतो. बाळंतपणानंतर ही हार्मोन्स एकदम कोसळतात, आणि काही बायांना बाळंतपणानंतरचं नैराश्य येतं त्यामागचं हे एक कारण मानलं जातं. त्याच शांत करणाऱ्या पदार्थावर आधारलेलं औषध अमेरिकेत 2019 मध्ये मंजूर झालं. तेव्हा "हार्मोनबिर्मोन सगळं थोतांड" असं कुणी म्हणू नये. मी तर मुळीच म्हणणार नाही. पुढे सांगेन का ते.

पण व्हिडिओतला सूटवाला इथेच थांबतो. पुढचं तो सांगत नाही. ते आपण सांगू.

पहिली गोष्ट. टेस्टोस्टेरॉन बाईच्याही शरीरात असतं, इस्ट्रोजेन पुरुषाच्याही. इतकंच नाही, मेंदूत शिरलेलं टेस्टोस्टेरॉन काही ठिकाणी इस्ट्रोजेनमध्येच बदलतं आणि मग काम करतं. पाळी गेलेल्या बाईपेक्षा तिच्याच वयाच्या पुरुषाच्या रक्तात साधारणपणे इस्ट्रोजेन जास्त असतं. सूटवाल्याचा हिशोब खरा मानला तर पन्नाशीनंतर घरातले सगळे निर्णय आजीकडे आणि रडणं आजोबांकडे द्यायला हवं. देता का?

दुसरी गोष्ट. 2015 मध्ये इस्रायलच्या डॅफ्ना जोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1,400 हून अधिक मेंदूंची स्कॅन तपासली. सरासरीत फरक दिसतात. पण एकेक मेंदू घेऊन पाहिला तर बहुतेक मेंदू म्हणजे गोधडी निघाली: काही तुकडे पुरुषांत जास्त दिसणारे, काही बायकांत जास्त दिसणारे, एकाच डोक्यात शिवलेले.

तिसरी गोष्ट माझी आवडती आहे. 2010 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुमारे 120 बायकांवर प्रयोग झाला. काहींना टेस्टोस्टेरॉनची गोळी दिली, काहींना खोटी गोळी. मग पैसे वाटून घ्यायचा खेळ खेळायला लावला. ज्यांना खरोखर टेस्टोस्टेरॉन मिळालं त्यांनी समोरच्याला जास्त न्याय्य वाटा देऊ केला. आणि ज्यांना नुसतं वाटलं की आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळालंय, त्यांनी कंजूषपणा केला. हार्मोनने नाही बिघडवलं, हार्मोनबद्दलच्या समजुतीने बिघडवलं. सूटवाल्याचा व्हिडिओ नेमकी हीच समजुतीची गोळी वाटत फिरतोय.

चौथी गोष्ट. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात 600 हून अधिक तरुणांचं टेस्टोस्टेरॉन काही वर्षांच्या अंतराने मोजलं. 2011 मध्ये निष्कर्ष आला: जे बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन घसरलं, आणि जे मुलांना सांभाळण्यात रोज वेळ देत होते त्यांचं कमी आढळलं. म्हणजे हार्मोन माणूस घडवतं तसं माणसाचं जगणंही हार्मोन घडवतं. वाट दुतर्फा आहे. दगडावरची रेघ नाही ही.

मनूचा शब्द बदलला, हिशोब तोच

आता आठवा मनू काय म्हणाला होता. स्त्रीचा स्वभावच पुरुषाला बिघडवण्याचा, ती स्वभावतःच चंचल, म्हणून बालपणी बाप, तरुणपणी नवरा, म्हातारपणी मुलगा तिला ताब्यात ठेवील. शूद्रालाही त्याने असंच सांगितलं: सेवा करणं हा तुझा जन्मजात धर्म. म्हणजे आधी "स्वभाव" ठरवायचा, मग स्वभावातून काम ठरवायचं, मग कामातून दर्जा ठरवायचा. 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांनी जे जाळलं ते हेच गणित होतं.

स्वभावाच्या जागी हार्मोन घाला. गणित जसंच्या तसं चालतं. म्हणून त्या पोराला मी विचारलं, "उद्या कुणी असाच सूट घालून आला आणि म्हणाला की दलितांच्या मेंदूतच रसायन कमी, म्हणून आरक्षणाने काही होणार नाही, तर तू म्हणशील का, विज्ञान नाकारता येत नाही?" तो गप्प झाला. जातीचा आधार निसर्गात शोधणारा आपल्याला लगेच ओळखू येतो. तोच माणूस बाईबद्दल बोलला की आपण मान डोलावतो. हे आपलं आंधळेपण आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

बदलापूर आठवा

20 ऑगस्ट 2024. बदलापूर स्टेशनवर लोक रुळांवर उतरले होते. शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला आणि पालकांना तक्रार नोंदवायला तासन्‌तास ताटकळावं लागलं, याचा तो उद्रेक होता. राग खरा होता. पण त्या दिवसांत माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज येत होते. एक म्हणत होता, "पुरुषांची ती गरजच असते, हार्मोन अनावर होतात." दुसरा म्हणत होता, "अशांना खच्ची करा, प्रश्न मिटेल." दोघं एकमेकांशी भांडत होते, आणि दोघांचं म्हणणं एकच होतं: बलात्कार अंडकोषातून येतो.

बलात्कार तिथून येत नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीतला कामगार बघा. सुपरवायझर सगळ्यांसमोर आईवरून शिवी देतो, हा मान खाली घालतो. संध्याकाळी घरी येऊन बायकोच्या कानाखाली वाजवतो. सकाळी आणि संध्याकाळी रक्त तेच, हार्मोन तेच. मग हात उठला कधी? जिथे परत हात उठणार नाही याची खात्री होती तिथे. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना जमावाने संपवलं. त्या संध्याकाळी अख्ख्या गावाचं टेस्टोस्टेरॉन एकदम चढलं होतं का? आणि चढलं असेल तर नेमकं एका बौद्ध कुटुंबाच्याच दारात कसं गेलं? जात विचारून चढणारं हार्मोन अजून कुठल्या प्रयोगशाळेला सापडलेलं नाही.

न्यायमूर्ती वर्मा समितीने 2013 मध्येच औषधाने खच्चीकरण करण्याची सूचना फेटाळली होती, कारण त्याने अत्याचाराची सामाजिक मुळं हलत नाहीत. बदलापूरचा आरोपी 23 सप्टेंबर 2024 ला पोलिसांच्या गोळीने मेला. त्याने कुठल्या शाळेतली कुठली मुलगी अधिक सुरक्षित झाली? एका शरीराचा निकाल लावला की व्यवस्थेला प्रश्न विचारायची गरज उरत नाही. हार्मोनची भाषा सत्तेला यासाठीच आवडते.

आता खरं हार्मोन कुठे चोरलं जातं ते बघा

मी वर म्हणाले की हार्मोनचं विज्ञान मी नाकारणार नाही. कारण ते जिथे लागू पडतं तिथे सूटवाला कधीच येत नाही.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचं प्रकरण 2019 मध्ये बाहेर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे आलेला आकडा असा: 82,309 ऊसतोड बायांची पाहणी, त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली. शंभरात जवळजवळ 17. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटात देशाची सरासरी होती शंभरात 3 च्या आसपास.

का काढली? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर. एक दिवस दांडी पडली की खाडा, म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. फडात संडास नाही, पाणी नाही. अंगावरून जातंय म्हणून बाई डॉक्टरकडे गेली तर त्याने कॅन्सरची भीती घातली. उचल वाढवून घेतली आणि पिशवी काढली. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात परत मोळी डोक्यावर.

आता मेंदूकडे या. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळतं. जे बदल निसर्ग काही वर्षांत हळूहळू करतो ते ऑपरेशनच्या टेबलावर एका तासात होतात. अंगाची आग, झोप उडणं, रडू येणं, चिडचिड, शब्द न आठवणं. अंडाशयं ठेवली तरी ती वेळेआधी थकण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं की पाळी जाण्याआधी अंडाशयं काढलेल्या बायांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, वय जितकं कमी तितका जास्त. आणि ज्यांना पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेनची औषधं मिळाली त्यांच्यात ही वाढ दिसली नाही.

म्हणजे उपाय आहे. फक्त तो ऊसतोड बाईपर्यंत पोचत नाही.

बीड आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. उल्हासनगरच्या कॅम्पांमागच्या वस्त्यांत मराठवाड्यातून आलेली किती घरं आहेत ते मोजा. जीन्सचे धागे कापायचं काम करणारी एक ताई, वय छत्तीस, मला म्हणाली, "पिशवी काढल्यापासून डोक्यात धूर भरल्यासारखं होतं. सासू म्हणते अंगात आलंय." तिला दोनदा भगताकडे नेलं होतं. घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि सुनेला भगताकडे! 22 प्रतिज्ञा कुणासाठी आहेत मग? मी तिचं डिस्चार्ज कार्ड पाहिलं. त्यावर "बीएसओ" अशी तीन अक्षरं होती. त्याचा अर्थ दोन्ही अंडाशयं आणि नळ्या काढल्या. तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या डोक्यात भूत नव्हतं. तिच्या डोक्यातून इस्ट्रोजेन काढून घेतलं होतं, तिला न विचारता.

पुरुषाने हात उचलला तर "हार्मोन". बाई रागावली तर "हार्मोन". आणि बाईचं हार्मोन खरोखर चोरलं तर "अंगात आलंय". हा विज्ञानाचा निष्कर्ष आहे की जात-पितृसत्तेचा?

काय करायचं

एक. प्रत्येक विहारात, महिला मंडळात एक बैठक फक्त या विषयावर घ्या. ज्यांची पिशवी काढली आहे त्यांची कार्डं वाचा. "बीएसओ" दिसलं तर त्या ताईला सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा आणि हार्मोनच्या उपचाराबद्दल विचारा. तो प्रत्येकीला चालतोच असं नाही, पण विचारण्याचा हक्क प्रत्येकीला आहे.

दोन. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला की अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा. ठाणे जिल्ह्यात त्यासाठी काय केलं, देखरेख कोण करतं, चाळिशीच्या आतल्या किती बायांच्या शस्त्रक्रिया झाल्या, हे माहितीच्या अधिकारात विचारा. तिन्ही शहरांतून अर्ज गेले पाहिजेत.

तीन. पोरांनो, हे तुमच्यासाठी. तो व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी घरातली भांडी घासा. हार्मोन आडवं येत असेल तर मला कळवा.

काही जण म्हणतील, चळवळीत असले नाजूक विषय कशाला? 1934 साली "समाजस्वास्थ्य" मासिकात लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले बाबासाहेब. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार बाईच्या बाळंतपणाच्या पगारी रजेसाठी बोलले तेही बाबासाहेब. बाईचं शरीर त्यांना कधी नाजूक विषय वाटलं नाही, राजकीय प्रश्न वाटला.

तो पोरगा पुढच्या रविवारी परत आला. त्याने एकच विचारलं, "ताई, माझ्या आईची पण पिशवी काढलीय. कार्ड कुठे सापडेल?"

शोधा. आपापल्या घरात शोधा.

जय भीम!