म्हातारपणाची शिदोरी

निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें तें जन्मभर केलेल्या श्रमांचें ऋण होय. आणि ऋण फेडतांना एकास पंक्तीस व दुसऱ्यास उंबऱ्यावर बसविणें न्यायाचें नव्हे.

केंद्र सरकारच्या सेवेंत वेतनाचा दहावा हिस्सा भरून २५ वर्षें काढणाऱ्यास, एकीकृत निवृत्तिवेतन योजनेनें १ एप्रिल २०२५ पासून अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी दिली आहे. हें योग्यच आहे. परंतु दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वर्षांच्या वृद्धासाठीं केंद्राचा वाटा दरमहा अवघा २०० रुपये! शेतांत राबणाऱ्याचा घाम कमी खारट होता काय?

तथापि सर्व भार सरकारावर टाकून स्वस्थ बसणें हेंही उचित नाहीं. सरकारी तिजोरी आपल्याच करांनीं भरते. २०१५ सालीं निघालेल्या अटल पेन्शन योजनेकडे पाहा. साठीनंतर मासिक १००० रुपये मिळण्यास अठराव्या वर्षीं आरंभ करणारा दरमहा ४२ रुपये भरतो. चाळिसाव्या वर्षीं जागा होणाऱ्यास २९१ रुपये पडतात. तेवढ्यानें म्हातारपण निभेल असें नव्हे. पण विलंबाचें मोल यावरून कळतें.

विद्यार्थिमित्रहो, थेंबें थेंबें तळें सांचे हें खरें. म्हणून पहिल्या कमाईपासून थोडें बाजूस ठेवा. परंतु ज्याच्या ओंजळींत थेंबच उरत नाहीं, त्यास काटकसरीचा उपदेश करणें ही क्रूरता होय. त्याच्यासाठीं, मतदार व्हाल तेव्हां, सरकारास जाब विचारा.