जागा शिल्लक, तरी फोल्डर भरलेलं

पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, निम्म्याहून अधिक मोकळा. तरी नवी फाइल काही केल्या आत जात नाही. लिनक्सवर अशा वेळी ‘डिव्हाइसवर जागा उरलेली नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. तो दिशाभूल करणारा आहे. जागा असते, भरलेली असते ती फोल्डरमधली नावांची यादी.

पेनड्राइव्ह आणि लहान मेमरी कार्डांवर आजही सर्रास दिसणाऱ्या ‘फॅट ३२’ पद्धतीत ही यादी २ एमबीच्या पुढे वाढूच शकत नाही. एक नोंद ३२ बाइटची, म्हणजे नोंदी ६५,५३६. फ्लॉपीच्या काळाच्या मानाने ही चैनच, १.४४ एमबी फ्लॉपीच्या मुख्य फोल्डरात २२४ नोंदी मावत.

पण एक नोंद म्हणजे एक फाइल नव्हे. आठ इंग्रजी कॅपिटल अक्षरांपर्यंतचं नाव एका नोंदीत बसतं. विंडोज ९५ ने लांब नावांची सोय केली ती जुन्याच चौकटीत: दर १३ चिन्हांमागे एक जादा नोंद. देवनागरी नाव कितीही छोटं असो, त्याला जादा नोंद लागतेच. शिवाय ‘क्र’ हे आपल्याला एक अक्षर, संगणकाला तीन चिन्हं: क, हलन्त, र. मात्रा आणि अनुस्वारही वेगळे मोजले जातात. ‘सातबारा उतारा गट क्रमांक १२’ या नावाची, पीडीएफचं शेपूट धरून, ३१ चिन्हं होतात. एका फाइलला चार नोंदी. अशा नावांच्या जेमतेम १६ हजार फायलींत फोल्डर भरतं.

यावर ‘नावं इंग्रजीत द्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो मान्य करण्याचं कारण नाही. कागद मराठी असेल तर त्याचं नाव मराठीत असणं हेच सोयीचं, शोधायलाही सोपं.

उपाय दुसरीकडे आहेत. एनटीएफएस पद्धतीत एका डिस्कवर सुमारे ४२९ कोटी फायली राहू शकतात. प्रोग्रॅमर वापरतात ते ‘गिट’ आपल्या फायली २५६ उपफोल्डरांत वाटतं. जुने दस्त स्कॅन करणाऱ्या संस्थांनीही वर्षवार, गाववार फोल्डर आधीच आखून घ्यावेत. हजारो फायली साचल्यावर ते काम जिकिरीचं होतं.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडे मागणी मात्र एवढीच: अडलं कुठे ते संदेशात नेमकं सांगा. ‘या फोल्डरात आणखी नावं मावत नाहीत, नवा फोल्डर करा’ हे वाक्य मराठीत दाखवायला कोणतीही तांत्रिक अडचण नाही.