भिंतीला हात लावणाऱ्याचे नाव कुठेतरी लिहिलेले असावे

पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील गृहनिर्माण सोसायट्या आणि घरमालक यांच्या संघाचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पालघर
मा. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था
मा. मुख्याधिकारी, पालघर नगर परिषद
बोईसर व लगतच्या ग्रामपंचायती

विषय : इमारतींच्या बाहेरील दुरुस्ती, गिलावा, रंग व वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदारांबाबत.

महोदय,

दिवाळी उलटली की आमच्या भागातल्या इमारतींवर बांबूच्या परांच्या चढतात आणि मृगाच्या आत त्या उतरवायची घाई सुरू होते. या काही महिन्यांत सोसायट्या आणि बैठ्या घरांचे मालक वर्षानुवर्षे साठवलेला पैसा बाहेरच्या भिंतींवर घालतात. तो कोणाच्या हाती द्यायचा हे मात्र ओळखीपाळखीवर ठरते. समोरच्या बिल्डिंगला ज्याने रंग दिला तो, नाहीतर कमिटीतल्या कोणाच्या मेव्हण्याने सुचवलेला. त्याचा पत्ता म्हणजे कार्डावरचा मोबाइल नंबर. पहिल्या पावसात बेडरूमच्या भिंतीला ओल आली की तो नंबर लागत नाही.

चांगले ठेकेदार इथे नाहीत असे आमचे म्हणणे नाही. पिढीजात गवंडीकाम करणारी, शब्दाला जागणारी माणसे पालघरात आहेत आणि बोईसरलाही आहेत. पण चांगला कोण आणि भामटा कोण हे सांगणारा एकही कागद नागरिकाला मिळत नाही, हे आमचे गाऱ्हाणे आहे. वायरिंगचा ठेका घेणाऱ्याला शासनाचा परवाना लागतो. नव्या प्रकल्पाच्या बिल्डरला आणि त्यातले फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटला २०१७ पासून महारेराकडे नोंदणी करावी लागते. सार्वजनिक बांधकाम विभाग स्वतःच्या कामांसाठी ठेकेदारांची वर्गवार नोंदणी करतो. पाच मजली इमारतीला परांची बांधून तिच्या खांबांवरचा गिलावा फोडणाऱ्याची मात्र कुठेच नोंद नाही.

हा प्रश्न सगळ्या महाराष्ट्राचा आहे, मग आम्हीच का ओरडतो? कारण देशावर निकृष्ट काम पाच वर्षे खपून जाते, इथे ते एका पावसाळ्यात उघडे पडते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सातपाटी-केळव्यापासून चिंचणी-तारापूरपर्यंत खारा वारा आणि त्यात एमआयडीसीचा धूर. काँक्रीटसाठीच्या आय.एस. ४५६ या भारतीय मानकात समुद्रकिनाऱ्याचे वातावरण ‘तीव्र’ वर्गात आहे, तर समुद्राच्या तुषारांचा आणि गंज आणणाऱ्या वायूंचा संपर्क ‘अतितीव्र’ वर्गात. अतितीव्र वर्गासाठी सळईवर किमान ५० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगितले आहे, सौम्य हवामानात २० पुरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुण मिळवून देशात सर्वांत वरच्या जागी होते, हे आपणांस ठाऊक आहेच. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हापासून भिंतीवरची प्रत्येक भेग लोक दोनदा पाहतात.

अशा हवेत सळई आतून गंजते, गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून देते. छज्ज्याखाली पोपडे सुटलेले आपण पाहतो ते हेच. योग्य कारागीर आधी हातोडीने भिंत वाजवून पाहतो. जिथे आवाज पोकळ येतो तिथला भाग तो सळई मोकळी होईपर्यंत फोडतो, तारेच्या ब्रशने गंज खरवडतो, सळईला गंजरोधक लावतो, जुन्या-नव्याचा सांधा धरणारे बाँडिंगचे रसायन मारतो, मग पॉलिमर मिसळलेला मसाला थर देऊन भरतो आणि ठरल्या मुदतीपर्यंत त्यावर पाणी मारत राहतो. चलाख ठेकेदार पोपडा काढतो, पुट्टी भरतो आणि वर रंगाचे दोन हात मारतो. फोटोत दोन्ही कामे सारखीच दिसतात. जून-जुलैत दुसऱ्या कामावर तपकिरी ओघळ उतरतात, पण तोवर शेवटचे बिल चुकते झालेले असते. आणि हे पाहायला घरी असते कोण? एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली तेव्हापासून निम्मे पालघर सकाळच्या गाडीने मुंबईला जाते, बोईसरचे लोक कारखान्यात पाळ्या करतात. परांचीवर काय चालले आहे ते फक्त वॉचमनला माहीत असते.

पैशाची गोम कोटेशनमध्ये असते. दर चौरस फुटाचा लिहिलेला असतो, मोजमाप कसे करणार ते लिहिलेले नसते. सोळा फ्लॅटची इमारत घ्या, प्रत्येकाला बाहेरच्या बाजूने चार बाय चारच्या तीन खिडक्या. नुसत्या खिडक्यांचे क्षेत्रफळ ७६८ चौरस फूट होते. ते वजा करायचे की नाही, छज्ज्याच्या तिन्ही बाजू धरायच्या का, डक्टच्या आतल्या भिंती त्याच दराने का, याचा वाद काम संपल्यावर निघतो. तेव्हा परांची उतरवून नेण्याची धमकी ठेकेदाराच्या हातात असते आणि सोसायटीच्या हातात काहीच नसते. सर्वांत कमी दराचे कोटेशन म्हणूनच आम्हाला सर्वांत महागात पडते. ही गोष्ट सर्वसाधारण सभेत पटवून देणे किती कठीण आहे, ते ज्याने सचिवपद भूषवले त्याला विचारावे.

आता मागण्या.

पहिली आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी मागणी मोठ्या दुरुस्तीच्या कार्यपद्धतीची आहे. सोसायटीच्या पुनर्विकासासाठी शासनाने सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश काढले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारून दिले. सल्लागार कसा नेमायचा, निविदा कशा उघडायच्या, सभेचे चित्रीकरण कसे करायचे, सगळे त्यात आहे. इमारत पाडायची तर इतकी काळजी, आणि ती उभी ठेवायची तर काहीच नाही. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करायचे असते. बांधकामखर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीही जमवायचा असतो. म्हणजे तपासणी सक्तीची, पैसा जमवणे सक्तीचे आणि तो खर्च करण्याची रीत मात्र ज्याची त्याची. जिल्हा उपनिबंधकांनी मोठ्या दुरुस्तीसाठी तशाच निर्देशांचा प्रस्ताव सहकार आयुक्तांकडे पाठवावा. तोवर जिल्ह्यापुरते मार्गदर्शक परिपत्रक काढावे.

दुसरी मागणी नोंदवहीची. नगर परिषद आणि पंचायत समिती यांनी बाहेरील कामाच्या ठेकेदारांची खुली नोंद ठेवावी. त्यात नाव, कायमचा पत्ता, पॅन व असल्यास जीएसटी क्रमांक, मागील तीन वर्षांत कुठल्या इमारती केल्या आणि त्यांपैकी कोणत्या कामांबद्दल तक्रार आली, एवढे असावे. लायसन्स राज नको. फी नाममात्र असावी, नाहीतर नाक्यावरून वर आलेला प्रामाणिक मुकादम बाहेर राहील आणि मोठ्या ऑफिसवाला आत येईल. बोईसर-सरावलीचा परिसर ग्रामपंचायतींच्या कारभारात शहराएवढा वाढला. तिथल्या लोकांना नगर परिषदेच्या अभियंत्याचा आधार कधी मिळाला नाही, म्हणून ही नोंद फक्त पालघर शहरापुरती ठेवू नये.

तिसरी मागणी मराठीतल्या नमुना कराराची. त्यात मोजमापाची पद्धत आधी लिहावी आणि मोजमाप वहीवर दोघांच्या सह्या असाव्यात. मालाचे नुसते कंपनीचे नाव चालणार नाही. कोणता माल, किती हात, पाणी किती घालायचे हे लिहिलेले हवे. डबे सोसायटीच्या माणसासमोर फोडावेत आणि रिकामे डबे बिल मंजूर होईपर्यंत जागेवर ठेवावेत. एक लिटर किती चौरस फुटांना पुरतो हे कंपनीच सांगते. भिंतीचे क्षेत्रफळ आणि डब्यांची संख्या जुळवायला इंजिनिअर लागत नाही. आगाऊ रक्कम दहा टक्क्यांच्या वर नसावी, पुढचे पैसे झालेल्या कामाप्रमाणे आणि बँकेतूनच द्यावेत. बिलाच्या दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवावी. दहा वर्षांच्या हमीपत्रापेक्षा आम्हाला हे दहा टक्के जास्त भरवशाचे वाटतात.

चौथी मागणी परांचीवर चढणाऱ्यांची. जव्हार, मोखाडा, विक्रमगडहून दिवाळीनंतर उतरणारी माणसे या कामांवर असतात. अनेकदा कमरेला पट्टा नसतो, पायात चप्पल असते. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि छोटा ठेकेदार तो देत नाही. मुलांची शिष्यवृत्ती, अपघाताची मदत असे सारे त्या एका कागदावर अडते. कामगार विभागाने परांच्यांच्या हंगामात बोईसर आणि पालघरच्या नाक्यांवर नोंदणी शिबिरे घ्यावीत. कामगारांचा विमा आणि सुरक्षापट्टे यांचा पुरावा दिल्याशिवाय परांची उभी करू देऊ नये. सोसायट्याही यात टाळाटाळ करतात, कारण त्याने दर वाढतो. वाढू द्यावा.

पाचवी, बैठ्या घरांसाठी. एकट्या घरमालकाला सल्लागाराची फी परवडत नाही. तालुका पातळीवर अभियंता किंवा तंत्रनिकेतनाचे प्राध्यापक यांच्याकडून माफक शुल्कात एक भेट आणि एक पानाचा अहवाल मिळावा : ओल कुठून येते, फोडायचे किती, नुसता रंग पुरेल का. पुष्कळदा गळती गच्चीवरच्या तुंबलेल्या पाइपची असते आणि माणूस सगळी भिंत फोडून बसतो. नव्या इमारतींतील रहिवाशांना हेही सांगावे की, रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांतले बांधकामदोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे आहेत. ती मुदत असताना वर्गणी काढून ठेकेदार आणणे म्हणजे बिल्डरचे बिल आपण भरणे.

तक्रारीसाठी वेगळे कार्यालय आम्ही मागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. लेखी करार आणि सही केलेले मोजमाप हातात असेल तर तो मार्ग चालतो, नसेल तर नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जण गेले. ती इमारत अनधिकृत होती, तिचे दुखणे वेगळे होते. पण त्यानंतर घाबरलेल्या सोसायट्यांनी घाईने दुरुस्त्या काढल्या की दारात पहिला उभा राहतो तो पुट्टीवाला, म्हणून या मागण्या आता केल्या आहेत.

आमच्या बाजूने आम्ही बांधून घेतो ते असे : संघातील सोसायट्या तीन कोटेशनपैकी केवळ सर्वांत कमी म्हणून कोणाची निवड करणार नाहीत, मंजूर बिल पंधरा दिवसांत चुकते करतील, आणि पावसाळा कोरडा गेला तर रोखलेली रक्कम दसऱ्याच्या आत न मागता देतील. काम चांगले झाले तर तसे नोंदवहीत लिहून देणे हेही आम्ही आमच्याकडे घेतो.

नमुना कराराचा आमचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यावर ठेकेदारांचेही म्हणणे ऐकावे आणि उपनिबंधक, कामगार विभाग व आम्ही यांची एकत्र बैठक दिवाळीपूर्वी बोलवावी, ही विनंती. परांच्यांचे बांबू एकदा उतरले की त्या हंगामापुरते बोलून उपयोग नसतो.

आपले,
संघाचे अध्यक्ष, सचिव व सभासद सोसायट्यांचे प्रतिनिधी