मीटरच्या आतली जबाबदारी

आखाडा बाळापूर हे नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे गाव. अशा गावात इलेक्ट्रिक गाडी घेणारा माणूस सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर ती घेत नाही. रात्री गाडी दारात उभी करायची आणि घरच्या लाइटवर चार्ज करायची, हा हिशेब त्याने आधीच केलेला असतो आणि तो बरोबरही आहे. चुकते ते पुढे. पंख्याच्या बोर्डातून वायर काढली, खिडकीतून बाहेर घेतली, थ्री-पिन सॉकेट ठोकले की काम झाले, असे समजले जाते. गाडीसाठी काढलेला पॉइंट ही घराच्या वीजजोडणीत घातलेली मोठी भर आहे. ती परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच, लेखी चाचणी अहवालासह करून घेतली पाहिजे. तसे न केल्यास आगीचा धोका वाढतोच, शिवाय आग लागल्यावर विम्याचा दावा मांडताना हातात पुरावा राहत नाही.

स्कूटरचा चार्जर साधारण तीन-चार अँपिअर ओढतो. धड वायरिंगला तो जड नाही. कारसोबत येणारी केबल मात्र १५ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे ३.३ किलोवॅट घेते, तेही सलग सात-आठ तास. गीझर इतका वेळ कोणी चालवत नाही. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते आणि ती सगळ्यात जास्त साचते सैल जोडापाशी, म्हणजे स्क्रू नीट न आवळलेल्या सॉकेटमध्ये किंवा टेप गुंडाळून जोडलेल्या वायरीत. सॉकेटच्या भोकाभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडू लागते, पिन हाताला चटका देते. एमसीबी अशा वेळी पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. त्यात आपल्या भागात अर्थिंगची अडचण आणखी वेगळी आहे. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये भेगाळते. ओल गेली की जमिनीचा विद्युतरोध वाढतो, त्यामुळे पावसाळ्यात ठीक वाटलेले अर्थिंग उन्हाळ्यात नावालाच उरते. काही ठिकाणी तर न्यूट्रललाच अर्थ जोडून मोकळे होतात. तो न्यूट्रल कुठे तुटला, तर अर्थच्या तारेतूनच गाडीच्या धातूच्या भागांत वीज उतरू शकते, आणि सडा टाकलेल्या अंगणात अनवाणी उभ्या माणसाला ती जिवावर बेतते.

हे ओळखूनच नियम झाले आहेत. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी कामे सोडली, तर वायरिंगमध्ये भर घालण्याचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच करायचे असते. गाड्यांच्या चार्जिंग केंद्रांसाठी २०१९ मध्ये आलेल्या तरतुदींत सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवे, एक्स्टेन्शन वायर वापरायची नाही आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे उपकरण (आरसीसीबी) हवे, असे स्पष्ट म्हटले आहे. घरच्या पॉइंटलाही याहून कमी काळजी पुरणार नाही. महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरच्या आत काही घडले तर उत्तर घरमालकालाच द्यावे लागते.

आता विम्याचे. गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीला लागलेल्या आगीचा एक रुपया मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत आग आणि गाडीने आपोआप पेट घेणे या दोन्ही गोष्टी येतात. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात शॉर्टसर्किटने जळालेल्या त्या उपकरणाचेच नुकसान वगळले आहे, तिथून पसरलेल्या आगीने झालेले घराचे नुकसान नव्हे. म्हणजे चार्जर जळाला तर तो खर्च आपला. त्या आगीत छत गेले तर दावा करता येतो. पण दावा करता येणे वेगळे आणि तो निभावणे वेगळे. सर्व्हेअर आगीचे कारण शोधतो, वायरिंग कोणी आणि केव्हा केले ते विचारतो, मालमत्तेची वाजवी काळजी घेतली होती का ते तपासतो. घरी केलेल्या जोडणीमुळे दावा आपोआप फेटाळला जातो असे नाही, पण वाद तिथूनच सुरू होतो आणि त्या वादात चाचणी अहवालाच्या एका कागदाला मोठे वजन असते. (याच पॉलिसीत भूकंपही येतो. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा घराचा विमा हे शहरवाल्यांचे खूळ मानण्याचे कारण इथे तरी उरलेले नाही.)

यावर पहिला आक्षेप असा, की ही भीती फुगवलेली आहे. गाड्यांपुरता तो खरा आहे. स्वीडनच्या सरकारी आकडेवारीतही इलेक्ट्रिक गाड्या पेटण्याचे प्रमाण पेट्रोल-डिझेल गाड्यांपेक्षा बरेच कमी दिसते. तरीही वसईत सप्टेंबर २०२२ मध्ये घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा गेला. त्याच वर्षी ठिकठिकाणी लागलेल्या आगींनंतर बॅटरीचे निकष डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कडक झाले. गाडीच्या बाजूने सुधारणा झाली. भिंतीतल्या वायरिंगची तपासणी मात्र अजून कोणी करत नाही. दुसरा आक्षेप, महावितरणला कळवले तर व्यापारी दर लागेल. तसे नाही. स्वतःच्या गाडीसाठी स्वतःच्या घरातली वीज वापरली तर राज्य वीज नियामक आयोगाने घरगुती दरच ठेवला आहे. खरा भुर्दंड शेतावर बसेल. कृषिपंपाच्या जोडणीवर गाडी लावणे हा वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. उरतो खर्चाचा आक्षेप, आणि तो मी हलका मानत नाही. वेगळी केबल, आरसीसीबी, नवे अर्थिंग आणि कंत्राटदाराची मजुरी हे काही हजारांत जाते, आणि हप्त्यावर गाडी घेणाऱ्याला तेही जड असते. म्हणूनच हा खर्च गाडीच्या किमतीतच धरला जावा. विक्रेत्याने गाडी ताब्यात देण्याआधी बिलावरचा मंजूर भार आणि घरचे अर्थिंग तपासून घ्यावे, विमा कंपनीने चाचणी अहवाल असणाऱ्याला हप्त्यात सूट द्यावी.

ज्यांनी आधीच वायर ओढली आहे, त्यांनी तासभर चार्जिंग झाल्यावर मेन स्विच बंद करावा, पिन काढावी आणि ती तापली आहे का ते पाहावे. तापली असेल, तर कंत्राटदार येईपर्यंत त्या सॉकेटवर गाडी लावू नये.