मॅनेजर बदलून काय साधलं?



मँचेस्टर युनायटेडला पुन्हा फर्ग्युसनसारखा खमका माणूस हवा, हे गेल्या अंकातलं पत्र वाचलं. १९८६मध्ये मॅनेजर म्हणून आलेल्या फर्ग्युसनना पहिला चषक १९९०मध्ये मिळाला, हे पत्रलेखक सोयीस्करपणे विसरतात. आज तेवढी मुदत कोण देतो?

२०१३मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच उन्हाळ्यात क्लबचा कारभार सांभाळणारे डेव्हिड गिलही पायउतार झाले, त्याबद्दल कुणी बोलत नाही. त्यानंतर लगेचचा फेलाइनीचा व्यवहार बघा. २.३५ कोटी पौंडांत मिळणारा खेळाडू. त्या किमतीची मुदत जुलैअखेर टळू दिली आणि खरेदीच्या शेवटच्या दिवशी २.७५ कोटी मोजले! यात फर्ग्युसननंतर आलेल्या बिचाऱ्या मॉयस यांचा दोष किती? २०२४मध्ये तेव्हाचे मॅनेजर टेन हाग यांचा करार वाढवला, आयाक्समधले त्यांचे जुने शिष्य डि लिख्त आणि मझरावी आणून दिले, आणि ऑक्टोबरात नारळ दिला. मग आमोरिम आले तीन सेंटर-बॅकची रचना घेऊन. संघ मात्र भलत्याच आखणीसाठी जमवलेला.

‘आपलाच जुना खेळाडू आणा’ हा हट्टही सोल्शायर यांच्या वेळी पुरवून झाला. पुढचं नाव खुशाल सुचवा, पण खेळाडू कोण निवडतं, हे आधी विचारा.

– एक वाचक, पुणे