म्हाताऱ्या ट्रकचे औषधपाणी

जुन्या ट्रकला काय झाले आहे हे सांगायला माणसे फार उत्सुक असतात. ड्रायव्हर एक सांगतो, क्लीनर दुसरे, मिस्त्री तिसरे, आणि स्पेअर पार्टच्या दुकानदाराला तर ट्रक न बघताच सगळे समजलेले असते. घरातल्या म्हाताऱ्याच्या दुखण्यासारखेच हे. फरक एवढाच की ट्रकचे निदान चुकले, तर त्याची शिक्षा रस्त्याने चाललेल्या भलत्याच माणसाला होऊ शकते.

१९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे छोट्या ट्रकमालकांना कर्ज देणे हे अग्रक्रमाचे काम ठरले. माझ्या नोकरीत अशा फायली पुष्कळ आल्या. आमच्या तपासणीच्या फॉर्मात ‘वाहनाची स्थिती’ असा रकाना असे आणि त्यात ‘समाधानकारक’ हा एकच शब्द लिहिण्याची वहिवाट होती. रंग ताजा, की स्थिती समाधानकारक! हिशेबाची तऱ्हा याहून मजेशीर. भाड्याने चालणाऱ्या ट्रकवर प्राप्तिकरात वर्षाला ३० टक्के घसारा मिळतो. म्हणजे १० लाखांचा ट्रक आठ वर्षांनी कागदावर ६० हजारांच्याही आत येतो. कागदावर जवळजवळ संपलेला हा ट्रक प्रत्यक्षात मात्र रोज माल वाहत असतो.

आमच्या टिटवाळ्याच्या आसपास हा माल बहुधा विटांचा. बाहेरच्यांना टिटवाळा म्हटले की महागणपती आठवतो. आम्हाला वीटभट्ट्याही आठवतात. एक वीट साधारण तीन किलोची धरली, तर ३,००० विटांचे नऊ टन होतात. माझ्या ओळखीच्या एका मालकाचा तेरा वर्षांचा ट्रक हेच ओझे वाहतो. गेल्या हिवाळ्यात तो काळा धूर ओकू लागला. मिस्त्रीने सांगितले, इंजिन बोअरला काढा. मालक माझ्याकडे आला तो कर्जाचे विचारायला. “साहेब, घरातले दागिने ठेवले तर किती मिळतील?” मी म्हटले, आधी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा, डॉक्टर बदलून बघतोच ना आपण?

दुसरा मिस्त्री कमी बोलणारा निघाला. धुराचा रंग बघा, म्हणाला. निळा असेल तर इंजिन ऑइल जळते आहे, म्हणजे रिंगांची शंका घ्यावी. पांढरा धूर निघतो आणि रेडिएटरचे पाणीही कमी होते, तर हेड गॅसकेट बघावे. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते. त्याने एअर फिल्टर उघडला. आत भट्टीची लाल धूळ गच्च बसली होती. फिल्टर बदलला, नोझल तपासून घेतले, धूर गेला. इंजिनाला हात लावावाच लागला नाही.

मालक खूश होऊन निघाला होता. पण मिस्त्रीने पुढचे चाक जॅकवर उचलले, वरखाली धरून हलवले, तर ते खटखटले. मग क्लीनरला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवले. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. न थांबली तर किंगपिनचा. ती थांबली नाही. ब्रेकचे ड्रम उघडले तर लायनर झिजून रिव्हेटला आलेले आणि एका ड्रमला बारीक तडे. याबद्दल कुणीच काही म्हटले नव्हते. कारण उघड आहे. धूर दिसतो, लायनर दिसत नाही.

माझे मत असे, की जुन्या ट्रकच्या दुरुस्त्यांची यादी हातात आली की प्रत्येक कलमापुढे एकच गोष्ट लिहावी: हे नाही केले तर नुकसान कुणाचे? इंजिनाची ताकद घटली तर मालकाचे डिझेल जास्त जाईल. हौद्याचा पत्रा गंजला तर विटा सांडतील. तेही वाईटच, पण फळी ठोकून निभावते. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि मागचे दिवे यांची गोष्ट वेगळी. अंगारकीला टिटवाळ्याचे रस्ते माणसांनी कसे भरतात ते ज्याने पाहिले आहे, त्याला अधिक सांगायला नको. टायरच्या खाचेची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद असतो, आणि ते दाखवणारी खूण खाचेतच असते. तिथे वाकून पाहणारे मालक मी फार थोडे पाहिले.

पाट्यांचा प्रकार तर विलक्षण आहे. ओझ्याने पाटे दबू लागले की मालक त्यांत एक जादा पान घालतो. ट्रक पुन्हा ताठ उभा राहतो आणि मग ५०० विटा वाढतात. म्हणजे दीड टन! ब्रेक मात्र पूर्वीचेच. माळशेजसारख्या घाटात ड्रम तापले की ब्रेकची पकड कमी होते, हे सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक असते. अशा ठिकाणी ‘गाडी नेत नाही’ म्हणण्याचा अधिकार ड्रायव्हरला हवा आणि त्याचा त्या दिवसाचा पगार कापता कामा नये.

सरकारचा भर वयावर आहे. आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. २०२१ साली वाहने भंगारात काढण्याचे धोरण आले आणि १५ वर्षांवरील अवजड वाहनांच्या पासिंगची फी एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये झाली. पुढे ती आणखी वाढली. पासिंग हवेच. पण एवढी फी भरल्यावर लायनरला पैसे उरले नाहीत तर काय साधले? पासिंगच्या आदल्या आठवड्यात रंग मारून घेणारे आणि सुस्थितीतले टायर उसने आणून चढवणारे महाभाग आहेतच.

त्या मालकाला मी एक वही घालून दिली आहे. प्रत्येक फेरीमागे ठरावीक रक्कम बाजूला आणि ती फक्त ब्रेक, स्टिअरिंग, टायरसाठी. किलोमीटर, तारीख, काय बदलले, सगळे त्यात लिहायचे. शेवटच्या पानावर चासीची नोंद आहे. मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ चासीला चीर गेली होती, ती वेल्डिंग करून घेतली. त्याच जागी पुन्हा चीर आली, तर या ट्रकवर एक रुपयाही घालायचा नाही, असे आमचे ठरले आहे. तो दर रविवारी खाली शिरून बॅटरीच्या उजेडात ती जागा बघतो. अजून तरी चीर आलेली नाही.